खेळणंच द्या, पण सुरात लावून द्या

"पहिलंच वाद्य, तेही इलेक्ट्रिक, आणि वर स्वस्तातलं! पोरीच्या हातात खेळणं देताय तुम्ही."

गेल्या गणपतीत आमच्याकडे आरती आटोपून खिरापत फिरत असताना अण्णा हे बोलले. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर, चौथा मजला, खाली सतरंजी आणि दाटीवाटीने बसलेली दहा-पंधरा माणसं. अण्णा बोलले की आमच्याकडे बाकीचे ऐकतात. सत्तरच्या दशकात दादर-गिरगावच्या ऑर्केस्ट्रांत त्यांनी आठ तारांचं मेंडोलिन वाजवलंय. आजही त्यांच्या वाद्याच्या पेटीत पॉलिशकागदाचा तुकडा, एक बारीक कानस आणि पेन्सिलीचं टोक असतंच असतं. माझी पंधरा वर्षांची भाची मात्र खाली मान घालून बसली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजाऱ्यांची मुलं सांभाळून तिने चारशे डॉलर जमवले होते आणि त्यात तिला पहिलं इलेक्ट्रिक मेंडोलिन घ्यायचं होतं. चारचौघांत त्या चारशे डॉलरांचं खेळणं झालं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. घर आमचं, सण गणपतीचा आणि अण्णा वडीलधारे. पण तेच मत पुढे इतक्या जणांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की आता उत्तर द्यायला हवं. अण्णांचा मान राखते, मत राखत नाही.

आधी त्यांचं म्हणणं त्यांच्याच ताकदीने मांडते. ते चार गोष्टी सांगतात. एक, इलेक्ट्रिक हे खरं मेंडोलिन नव्हे. आधी आठ तारांच्या लाकडी वाद्यावर हात बसवावा, मग हवं तर विजेच्या नादी लागावं. दोन, स्वस्त वाद्य बेसूर असतं आणि बेसूर वाद्यावर शिकलेल्याचा कान कायमचा बिघडतो. तीन, स्वस्तातलं दोनदा घ्यावं लागतं. चांगलं एकदाच घ्यावं, ते विकलं तरी पैसे परत येतात. आणि चार, ज्याला वाद्याची किंमत मोजायची तयारी नाही त्याला वाद्याची किंमत कळत नाही. यातलं दुसरं अर्धं खरं आहे, तिसरं हिशेबाने खोटं आहे, आणि पहिलं व चौथं हे निव्वळ सवयीतून आलेले समज आहेत.

'खरं मेंडोलिन' या शब्दापासून सुरुवात करू. आपल्याकडे वाद्यांच्या खरे-खोटेपणाचा निवाडा करायची हौस जुनी आहे आणि तो निवाडा दरवेळी फसलेला आहे. पेटीचंच घ्या. परदेशी, स्थिर स्वरांची, मींड न येणारी म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत बाहेरच ठेवलं. त्या एकतीस वर्षांत महाराष्ट्रात नाट्यसंगीत कशावर चाललं, भजनी मंडळं कशावर गायली? पेटीवरच. गोविंदराव टेंब्यांचं नाव घेताना आज कुणी ते वाद्य फिरंगी होतं म्हणून कानाला हात लावतो का? व्हायोलिनचंही तेच. ते दक्षिणेत रुजलं तेव्हा तंजावरच्या गादीवर आपलेच सरफोजी राजे होते आणि दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा वृंद वाजत होता. आणि मेंडोलिन तरी कुठलं? इटलीतलं. जे वाद्य स्वतःच पाहुणं म्हणून आलं, त्याच्या एका रूपाला घरचं आणि दुसऱ्याला उपरं ठरवायचा अधिकार कुणाला दिला?

तरी अण्णांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार मीच उभा करते: सज्जाद हुसेन. 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब'चे संगीतकार. जोडतारांच्या लाकडी मेंडोलिनवर त्यांनी मींड काढून दाखवली, राग मांडले. सज्जाद जे आठ तारांवर करू शकले ते करायला विजेची काय गरज, असा अण्णांचा सवाल असतो. सवाल बिनतोड वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. डोंगर चढून गेलेला एक माणूस दाखवून बाकीच्यांना पायऱ्यांची गरज नाही असं सिद्ध होत नाही. सज्जाद हे सज्जाद होते. पंधरा वर्षांच्या मुलीचं पहिलं वाद्य त्यांच्या बोटांच्या मापाने ठरवणं म्हणजे तिला पहिल्याच दिवशी नापास करणं.

जोडतारांवर मींड अवघड का जाते, ते बोटांनाच विचारा. मेंडोलिनची सर्वांत बारीक तार साधारण ०.०१० इंचाची असते आणि ती सुरात लावली की सुमारे १९ पौंडांच्या ताणाखाली असते. जोडीतल्या दोन्ही तारा एकदम ओढायच्या म्हणजे बोटाखाली दुप्पट ताण. तेवढ्यानेही भागत नाही. दोन्ही तारा अगदी सारख्या ताणल्या गेल्या पाहिजेत. एक जरा जास्त गेली की स्वर फाटतो आणि कानाला त्याची थरथर जाणवते. शिवाय लाकडी मेंडोलिनचा आवाज छेडल्या छेडल्या विरतो. मींड पूर्ण होईपर्यंत तो जगतच नाही. म्हणून तर या वाद्यावर जव्याचा भरभर मागे-पुढे हात फिरवून स्वर जिवंत ठेवायची पद्धत आली.

या तिन्ही अडचणींना उप्पलपू श्रीनिवास यांनी एकदाच उत्तर दिलं. १९६९ मध्ये आंध्रातल्या पालकोल्लू इथे जन्मलेला हा मुलगा सहाव्या वर्षी वडिलांचं मेंडोलिन उचलतो आणि पुढे जोडतारा काढून टाकतो, एकेरी तारा लावतो, खर्जासाठी पाचवी तार जोडतो आणि आवाज विजेवर सोपवतो. एकेरी तार बोटाला ऐकते, पिकअपमुळे स्वर रेंगाळतो आणि कर्नाटक संगीतातलं गमक मेंडोलिनवर उमटू लागतं. सुरुवातीला नाकं मुरडणारे तिथेही होतेच. पुढे १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाईंबरोबर 'रिमेंबर शक्ती'त ते जगभर वाजले. २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले तोवर नाकं केव्हाच सरळ झाली होती.

हा एकट्या श्रीनिवासांचा चमत्कार असता तरी मी तो सज्जादांसारखाच बाजूला ठेवला असता. पण एकेरी तारांची ही वाट जगात निरनिराळ्या लोकांनी आपापल्या कारणाने धरली आहे. अमेरिकेत पॉल बिग्सबीने १९५२ मध्ये टायनी मूरसाठी पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन घडवलं. फेंडर कंपनीने १९५६ मध्ये चार एकेरी तारांचं भरीव अंगाचं मेंडोलिन बाजारात आणलं आणि वीस वर्षं विकलं. ब्राझीलमध्ये बाहियाच्या कार्निव्हलला दोदो आणि ओस्मार यांनी भरीव लाकडाचं, मेंडोलिनसारखंच सुरात लावलेलं वाद्य गाडीवर चढवलं आणि अख्खी मिरवणूक नाचवली. एवढ्या लोकांना जे स्वतंत्रपणे सुचतं, ती नक्कल नसते; ते वाद्याच्या पोटातच असलेलं एक रूप असतं.

आता अण्णांचं देणं देऊन टाकते. हिंदी सिनेमातलं मेंडोलिन ज्याच्या मनात आहे, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधली ती धून ज्याला हुबेहूब हवी आहे, त्याने जोडतारांचंच घ्यावं. ती चांदी-झळाळी दोन तारांच्या किंचित फरकातून येते. एकेरी तारेवर ती येणार नाही. बैठकीत नुसतं चार माणसांसाठी वाजवायचं असेल तरी लाकडीच बरं. माझ्या भाचीच्या कानात मात्र श्रीनिवास आहेत, आणि तिचा डावा हात शाळेच्या वाद्यवृंदात चार वर्षं व्हायोलिनवर तयार झालाय. व्हायोलिन आणि मेंडोलिन दोन्ही एकाच तऱ्हेने लावतात, षड्ज-पंचमाच्या अंतराने चार तारा. तिची बोटं वाट ओळखतात. तिला 'आधी आठ तारा' सांगणं म्हणजे पोहता येणाऱ्याला आधी होडी वल्हवायला लावणं.

दुसरा आरोप स्वस्तपणाचा. इथे मला अण्णांना बोट धरून थोडं चालवायचं आहे. त्यांच्या घरापासून बस धरली की हाइट्समधली फेरी स्ट्रीट फार लांब नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या रस्त्यावर ऑस्कर श्मिट यांचा वाद्यांचा कारखाना होता. गिटार, झिदर, मेंडोलिन, सगळं तिथे बनायचं, आणि सगळं गरिबाच्या खिशाला परवडेल असं. 'स्टेला' हे त्यांचं सर्वांत गाजलेलं नाव. अंग बर्चचं, आणि भारी वाद्यावर शिंपल्याची जडणघडण असते तिथे बऱ्याचदा नुसती रंगाने उमटवलेली नक्षी. दारोदार फिरणारे विक्रेते आणि गावोगावची दुकानं ही वाद्यं विकत. जर्सी सिटीत बनलेलं ते स्वस्त लाकूड दक्षिणेतल्या शेतमजुरांपर्यंत, गल्लीबोळांतल्या गवयांपर्यंत पोचलं. चार्ली पॅटन, ब्लाइंड विली मॅक्टेल, बारा तारांचं स्टेला वाजवणारा लेडबेली: ज्याला पुढे जगाने ब्लूज म्हणून डोक्यावर घेतलं, त्या संगीतातला मोठा भाग याच स्वस्त गिटारींवर वाजला. पुढे १९३९ मध्ये स्टेला हे नाव शिकागोच्या हार्मनी कंपनीने घेतलं. आज त्या जुन्या बारा तारांच्या स्टेलांसाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात. ऑस्कर श्मिट हे नाव आता दुसऱ्याच कंपनीच्या मालकीचं आहे आणि ते ज्या नवशिक्यांच्या वाद्यांवर छापलं जातं, त्यांत पिकअप लावलेलं मेंडोलिनही आहे.

म्हणजे ज्या गावात बसून अण्णा स्वस्त वाद्याला खेळणं म्हणाले, ते गावच स्वस्त वाद्यांसाठी नावाजलेलं. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण मला तो दाखला वाटतो. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने वाद्य हातात घेऊच नये, असं म्हणणाऱ्यांचं चाललं असतं तर ते संगीत जन्मालाच आलं नसतं. आणि लांब कशाला जायचं? लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर गरिबीत वाढले, हुसेन अलींकडे मेंडोलिन शिकले आणि दहा-एक वर्षांचे असताना कुलाब्याच्या रेडिओ क्लबात लताबाईंच्या कार्यक्रमात वाजवायला बसले. लताबाईंचं लक्ष त्या पोराच्या हातांकडे गेलं. वाद्याची पावती कुणी मागितली नसावी. 'किंमत मोजल्याशिवाय किंमत कळत नाही' हा अण्णांचा चौथा मुद्दा माझ्या मते इथेच निकालात निघतो. किंमत मोजली ती त्या पोराच्या बोटांनी.

पण 'बेसूर वाद्याने कान बिघडतो' हे मी हसण्यावारी नेणार नाही. ते खरं आहे. प्रश्न एवढाच, की वाद्य बेसूर होतं कशामुळे?

अण्णांना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणून त्यांच्याच ओळखीच्या भाषेत सांगते. मिरजेहून आणलेल्या उत्तम तंबोऱ्याची जवारी बिघडली तर तो ठणठण वाजतो. तेव्हा आपण तंबोरा फेकून देत नाही. जवारी काढून घेतो. तुणतुण्याच्या भावाच्या तंबोऱ्यावर जाणत्या हाताने जवारी लावली, तर तो साथीला चालतो. मेंडोलिनची जवारी म्हणजे त्याचा सेटअप: घोडीची जागा आणि उंची, वरच्या टोकाच्या नटमधल्या खाचांची खोली, मानेचा बाक, पडद्यांची टोकं. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त वाद्यात लाकूड, तारा, पिकअप हे सगळं बऱ्यापैकी असतं. नसते ती शेवटची दोन तासांची हातमेहनत, कारण स्वस्ताईसाठी नेमकी तीच कापलेली असते.

आणि मेंडोलिन या बाबतीत गिटारपेक्षा फार कठोर आहे. त्याची तार नटपासून घोडीपर्यंत सुमारे ३५२ मिलिमीटर. गिटारची साधारण ६५०. घोडी जागेवरून फक्त तीन मिलिमीटर सरकली, तर गिटारच्या बाराव्या पडद्यावर चूक होते ती अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी आठ भागांची. मेंडोलिनवर तीच चूक पंधराच्या आसपास जाते. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रमाणश्रुतीच्या दोन-तृतीयांश. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची अर्धी लांबी. एवढ्यात वाद्य बेसूर ठरतं, आणि एवढ्यातच सुधारतंही. आता सांगा, हा दोष किमतीचा की घोडीचा?

महाग वाद्य आपोआप सुरात असतं, हाही एक गोड गैरसमज. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून, नाव सांगत नाही, चांगलं हजाराच्या वरचं लाकडी मेंडोलिन घरी आणलं होतं. पहिल्या पडद्यावर तार दाबायला अंगठा दुखेपर्यंत जोर लागायचा आणि दाबली की स्वर चढायचा. नटमधल्या खाचा कुणी पुरेशा खोल केलेल्याच नव्हत्या. दोन महिने मला वाटत होतं, माझ्याच बोटांत दम नाही. शेवटी ते वाद्य ज्यांनी दहा मिनिटांत कानस फिरवून ठीक केलं, ते अण्णाच. त्यांना हे आठवत असेल की नाही कोण जाणे, मला पक्कं आठवतंय.

म्हणून माझा आग्रह असा: पहिल्या इलेक्ट्रिक मेंडोलिनचे पैसे ठरवताना शंभरातले वीस-पंचवीस सेटअपसाठी आधीच बाजूला काढा. चारशे असतील तर वाद्यावर तीनशेच्या वर जाऊ नका. आणि दुकानात जाताना कानाबरोबर फोनमधलं ट्यूनरही न्या. मोकळी तार लावा, मग बाराव्या पडद्यावर तीच तार दाबा. वरच्या सप्तकातला तोच स्वर आला पाहिजे. भरीव अंगाच्या वाद्यात घोडीवर प्रत्येक तारेसाठी सरकणारी सोय आहे का ते पाहा. असेल तर किरकोळ फरक घरीही जुळवता येतो. मानेकडे बंदुकीच्या नळीसारखं एक डोळा मिटून बघा. पीळ दिसला तर वाद्य परत द्या. नुसता बाक असेल आणि आत ट्रस रॉड असेल तर तो सुटतो. एकेक पडदा वाजवत वर जा, कुठे तार खरखरते ते ऐका. मग वायर जोडा. गुणगुण आली तर तारांना हात लावा. हात लावल्यावर ती कमी झाली तर घाबरायचं कारण नाही, वाढली तर आतलं वायरिंग कुणाला तरी दाखवा.

एक बारीक गोष्ट मात्र दुकानदारही विसरतात. लाकडी मेंडोलिनच्या जाड तारांवर ब्राँझचं वेटोळं असतं आणि चुंबकाच्या पिकअपला ब्राँझ कळत नाही. तशा तारा चढवलेलं इलेक्ट्रिक वाद्य वाजवलं की वरच्या दोन तारा ओरडतात आणि खालच्या दोन घशातल्या घशात बोलतात. ग्राहक म्हणतो, पिकअप भिकार. पिकअप ठीक असतो. निकेलच्या वेटोळ्याच्या तारा लावल्या की वाद्याला कंठ फुटतो. आपण ज्याला स्वस्त वाद्याचा दोष म्हणतो, त्यातले निम्मे दोष असे डझनभर डॉलरांच्या आत मिटतात.

आता तिसरा मुद्दा, 'एकदाच घ्या, चांगलं घ्या'. ऐकायला व्यवहारी, पण त्यात एक गृहीतक लपलंय: पहिलं वाद्य घेताना आपल्याला काय हवं ते आपल्याला ठाऊक असतं. कसं असणार? चार तारा की पाच, हे वर्षभर वाजवल्याशिवाय कळत नाही. पाचवी खर्जाची तार मोहात पाडते, पण एवढ्या आखूड लांबीवर ती ढिली पडते आणि जोरात छेडली की स्वर हलतो. कुणाला ते चालतं, कुणाला अजिबात नाही. मान रुंद हवी की अरुंद, पडदे जाड की बारीक, मागे चुंबकाचा पिकअप हवा की घोडीखालचा पिझो, हे सगळं हात सांगतो आणि हाताला बोलता यायला वेळ लागतो. पहिल्या वाद्याचं काम हे प्रश्न विचारायला शिकवणं. दीड हजाराचं वाद्य घेऊन चुकीचं उत्तर घरात आणण्यापेक्षा तीनशेत योग्य प्रश्न शिकणं स्वस्त पडतं.

विकण्याचा हिशेबही उलटा आहे. नवं महाग वाद्य दुकानाच्या दारातून बाहेर पडलं की पडतो तो उतार मोठ्या रकमेवरचा असतो. वापरलेलं स्वस्त वाद्य घेतलं तर तो उतार आधीच्या मालकाने सोसलेला असतो. जुन्या वाद्याने मान खाली जाते असं वाटणाऱ्यांसाठी सांगते: ब्लूग्रासचा बाप म्हणवणाऱ्या बिल मन्रोने १९२३ सालचं आपलं जगप्रसिद्ध गिब्सन फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून घेतलं, तेही दुसऱ्या हाताचं, दीडशे डॉलरला. दुकानातूनच नवं घ्यायचं असेल तर आपल्या गावाचा एक फायदा घ्या. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, पण जर्सी सिटी अर्बन एंटरप्राइझ झोनमध्ये येते आणि त्या योजनेत नोंदलेल्या दुकानात प्रत्यक्ष जाऊन घेतलं तर निम्माच लागतो. चारशे डॉलरांवर सव्वातेरा डॉलर वाचतात. तारांचा एक जोड सुटला.

आणि इथल्या घरांचाही विचार करा. आमच्या इमारतीत वाफेचे रेडिएटर आहेत. नोव्हेंबर ते मार्च हवा इतकी कोरडी होते की दाराच्या लाकडात फटी पडतात. अशा हवेत चांगल्या पातळ लाकडाच्या पोकळ मेंडोलिनला आर्द्रतेची पिशवी, पेटी, काळजी, सगळं लागतं; चुकलं तर पाट तडकतो. भरीव अंगाचं इलेक्ट्रिक बिचारं तक्रार करत नाही. फार तर पडद्यांची टोकं बोटाला लागायला लागतात आणि ती कानशीने घासता येतात. भिंती पुठ्ठ्याच्या, वरच्या मजल्यावर रात्रपाळीहून आलेला नर्स, शेजारी तान्हं बाळ. रात्री अकराला हेडफोन लावून तासभर रियाज करता येतो, हा इलेक्ट्रिकचा गुण कुठल्याही लाकडाच्या नादापेक्षा मला मोठा वाटतो. जे वाद्य रोज वाजतं तेच शिकवतं. बाकी शोकेसमध्ये शोभतं.

माझ्या बाजूलाही एक कुंपण घालते, नाहीतर हा लेख दुकानदाराची जाहिरात होईल. सगळंच स्वस्त चांगलं नाही. मान पिळलेली, खुंट्या फिरवल्या फिरवल्या परत घसरणाऱ्या, पडदे वेड्यावाकड्या अंतरावर ठोकलेले असतील, तर ते वाद्य फुकट मिळालं तरी घेऊ नका. कोणत्याही कानशीने पडद्यांची अंतरं बदलत नाहीत. तिथे अण्णांचं 'खेळणं' हे विशेषण मी बिनशर्त मान्य करते. आणि दिसायला गोंडस म्हणून पोकळ वाद्यात पिकअप खुपसलेलं घेऊन ते ढोल-ताशासमोर मोठ्या ॲम्पवर वाजवायचा बेत असेल, तर शिटीसाठी तयार राहा. ते खेळण्यासारखं नव्हे, भोंग्यासारखं ओरडतं.

तर अण्णा, भाचीने मागच्या शनिवारी वापरलेलं, चार एकेरी तारांचं, भरीव अंगाचं मेंडोलिन घेतलं. दोनशे नव्वद डॉलर. मान सरळ आहे, खुंट्या धरतात, पडदे जागच्या जागी आहेत. पण बाराव्या पडद्यावर खालच्या दोन तारा चढतात आणि नटमधली एक खाच उथळ आहे. पहिल्या पडद्यावर मध्यमाचा तीव्र व्हायला लागतो. तिने सेटअपसाठी ऐंशी डॉलर राखून ठेवलेत आणि शहरात एक कारागीर शोधलाय. मी तिला थोडं थांब म्हटलंय.

या रविवारी संध्याकाळी चहाला या. पेटीतली कानस आणि पेन्सिलीचं टोक विसरू नका. ऐंशी डॉलर ती तुम्हाला देईल, आणि तुम्ही घेणार नाही हे मला माहीत आहे. ते काम झाल्यावर हातात धरून वाजवून पाहा, आणि मग सांगा ते खेळणं आहे का. तेव्हा तुम्ही जे म्हणाल ते मी गप्प ऐकून घेईन. या वेळी घर आमचं म्हणून नव्हे.